नजरबाद : दगड आणि पाणी

दसऱ्याच्या दिवसांत पुण्याहून, कोल्हापुराहून, सोलापुराहून म्हैसुरास जाणाऱ्या आपल्याकडील प्रवाशांचा क्रम सहसा ठरलेला असतो. राजवाडा, चामुंडीचे देऊळ, प्राणिसंग्रहालय, वृंदावन उद्यान आणि वेळ उरल्यास श्रीरंगपट्टण एवढे पाहून झाले म्हणजे यात्रा सुफळ झाली असे समजून मंडळी परततात. राजवाड्याच्या पूर्वेस, चामुंडी टेकडीच्या पायथ्याच्या अलीकडे, जमीन जिथे हलक्या चढाने उंचावते तिथे नजरबाद नावाचा जुना मोहल्ला आहे. प्राणिसंग्रहालयाकडे किंवा ललितमहालाकडे जाताना प्रवासी त्याच्या कडेने किंवा त्याच्या मधून जातात, परंतु नजरबाद पाहावयाचे म्हणून कोणी गाडी थांबवीत नाही. पाहण्याजोगे भव्य असे तिथे फारसे उभेही नाही. तथापि या मोहल्ल्याचा पूर्ववृत्तांत जाणून घेण्यासारखा आहे, कारण सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका सामर्थ्यवान राजाने म्हैसूर पुसून टाकून त्याच्या जागी हेच गाव उभे करण्याचा संकल्प केला होता, आणि तो संकल्प पाण्याच्या अभावी अर्ध्यावर राहिला.

वडियार राजांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टण घेतले आणि राजधानी कावेरीच्या त्या बेटावर नेली, तेव्हापासून म्हैसूर हे सत्तेचे मूळ गाव असले तरी सत्तेचे ठाणे राहिले नव्हते. वाडा होता, कोट होता, देवळे होती, कुलदेवता चामुंडीचे स्थान डोंगरावर होते; दरबार आणि खजिना मात्र चौदा-पंधरा किलोमीटरांवर, श्रीरंगपट्टणास. पुढे १७६१ मध्ये हैदरअलीच्या हाती राज्याची सर्व सूत्रे आली आणि १७८२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर टिपू गादीवर बसला. हैदराने वडियार राजास नामधारी का होईना, पण राजा म्हणून ठेविले होते. टिपूला तेवढाही पडदा नको होता. त्याच्या स्वभावात जुने मोडून नवे रचण्याची एक उत्कट ओढ होती, जिच्यातून नवी नाणी, नवे पंचांग, नवी वजने-मापे, रेशमाच्या किड्यांची पैदास असे कितीतरी उद्योग निघाले. हैदराच्या दप्तरात कानडीच्या जोडीने मराठीतही हिशेब लिहिले जात, त्यांच्या जागी टिपूने फारशी आणली. मलबारच्या किनाऱ्यावर कालिकत हे शतकानुशतके गाजलेले बंदर असताना, ते मोडून बेपूर नदीकाठी फेरोक येथे नवे शहर आणि किल्ला वसविण्याचा घाट त्याने घातला. सकलेशपुराजवळ मंजराबादचा ताऱ्याच्या आकाराचा किल्ला १७९२ मध्ये बांधून झाला, तो आजही घाटमाथ्यावर उभा आहे. नजरबाद हे याच मालिकेतले.

याच काळात त्याच्यावर १७९० ते १७९२ ची ती मोठी स्वारी झाली, जिच्यात परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके मराठ्यांची फौज घेऊन इंग्रज व निजाम यांच्या सोबत श्रीरंगपट्टणापर्यंत पोचले, आणि मार्च १७९२ मध्ये झालेल्या तहाने टिपूला अर्धे राज्य व तीन कोटी तीस लाखांची खंडणी देणे भाग पडले. आपल्याकडील बखरींत आणि पत्रव्यवहारांत या मोहिमेची चर्चा विपुल आहे. परंतु उरलेल्या अर्ध्या राज्याच्या रयतेवर खंडणीची भरपाई आणि सुलतानाची बांधकामे यांचा दुहेरी बोजा कसा पडला, याकडे आपले लक्ष क्वचित जाते.

म्हैसूरचा जुना कोट व त्यातील गाव टिपूने पाडविले. ते दगड बैलांच्या पाठीवर, गाड्यांवर आणि माणसांच्या खांद्यांवर लादून पूर्वेच्या उंचवट्यावर नेण्यात आले, आणि तिथे नव्या किल्ल्याची तटबंदी चढू लागली. त्याचेच नाव नजरबाद. १८०० साली गव्हर्नर जनरलच्या हुकमावरून म्हैसूर मुलखाची पाहणी करीत फिरणारा डॉक्टर फ्रान्सिस बुकानन इथे येऊन गेला आणि त्याने जे लिहून ठेविले त्यावरून हा सारा प्रकार आपणांस कळतो. किल्ल्याचे काम बरेच वर आल्यावर इथे पाणी नाही ही गोष्ट सुलतानाच्या ध्यानात आली. मग एक प्रचंड खड्डा खोदण्यास आरंभ झाला. माती संपल्यावर खाली लागला तो हॉर्नब्लेंडचा काळा, एकसंध, पोलादासारखा कठीण खडक. तो फोडीत माणसे खोल खोल गेली, खड्ड्याची रुंदीही वाढत गेली, आणि पाण्याचा झरा काही लागला नाही. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणास शेवटचा वेढा पडला तेव्हा नजरबादेत अर्धवट तट, विखुरलेले दगड, तो कोरडा खड्डा आणि मजुरांच्या काही दीन झोपड्या एवढेच होते.

हा किल्ला मुलखाच्या रक्षणासाठी मुळीच उपयोगी नव्हता, जुन्या राजवंशाचे नाव लोकांच्या तोंडून जावे एवढाच त्याचा हेतू असावा, असा बुकाननचा अभिप्राय आहे. बुकानन हा जेत्यांचा नोकर होता आणि पराभूत राजाविषयी त्याची लेखणी हात राखून चालत नाही, हे ध्यानात ठेवूनही, भूगोलाकडे पाहिले असता या एका बाबतीत त्याचे म्हणणे नाकारता येत नाही. म्हैसूर ज्या माळावर वसले आहे तो कावेरी आणि कपिला, म्हणजे कबिनी, या दोन नद्यांमधला उंचवटा आहे. उत्तरेकडे पडलेले पावसाचे पाणी कावेरीकडे वाहते, दक्षिणेकडे पडलेले कबिनीकडे, आणि गावापाशी नदी म्हणून कोणतीच नाही. पाऊस वर्षाकाठी तीस-बत्तीस इंच, तोही वळवाचा आणि परतीचा मिळून. अशा ठिकाणी वस्ती टिकावयाची तर ती तळ्यांच्या आश्रयाने, आणि तळी असतात सखल भागात. जुने म्हैसूर याच न्यायाने तळ्यांच्या कुशीत वाढले होते. ते सोडून उंचवट्यावर जाणे म्हणजे शतकांच्या अनुभवाला हुकमाने बाजूस सारणे होते, आणि त्याची किंमत खडक फोडणाऱ्या कुणब्यांनी मोजली. टिपूच्या पराक्रमाविषयी आणि कल्पकतेविषयी मला आदर आहे. नजरबादच्या खड्ड्याविषयी मात्र त्याच्या बाजूने काही बोलवत नाही.

याच वर्षांत, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, एका नव्या वसाहतीचे भवितव्य नेमके याच प्रश्नावर ठरत होते. जानेवारी १७८८ मध्ये अकरा जहाजांतून बंदिवान व शिपाई घेऊन कॅप्टन आर्थर फिलिप ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बॉटनी बे येथे उतरला. वरिष्ठांनी नेमून दिलेली जागा तीच होती. परंतु तिथे गोड्या पाण्याचा भरवसा नाही, जमीन हलकी आहे आणि जहाजांना आसरा नाही असे पाहताच त्याने अवघ्या काही दिवसांत ती सोडून दिली, आणि उत्तरेस थोड्या अंतरावरील एका खाडीत, जिथे एक लहानसा ओढा समुद्रास मिळत होता, २६ जानेवारीस मुक्काम केला. तेच आजचे सिडनी. दोन वर्षांनी अवर्षण पडले तेव्हा त्या ओढ्याच्या काठच्या वालुकाश्मात हौद कोरून पाणी साठविण्यात आले. त्या हौदांवरून ओढ्याला टँक स्ट्रीम हे नाव मिळाले. पुढे वस्तीच्या घाणीने ओढा नासला आणि १८२६ मध्ये त्याचा वापर सोडून द्यावा लागला, तेव्हा दूरच्या दलदलीतून बोगदा खणून पाणी आणण्याचे काम दहा वर्षे चालले. लोकरीचा व्यापार, धक्के, जकात, गोद्या, सरकारी कचेऱ्या हे सारे वैभव त्या ओढ्याच्या काठी प्रथम रुजले. या दोन कथांना जोडणारा एक मनुष्यही आहे. सिडनीस रुंद रस्ते आणि सार्वजनिक इमारती देऊन बंदिवानांच्या छावणीचे शहर करणारा गव्हर्नर लॅक्लन मॅक्वारी याने आपली उमेदीची वर्षे मुंबईच्या फौजेबरोबर काढली होती, आणि टिपूविरुद्धच्या १७९२ व १७९९ च्या दोन्ही स्वाऱ्यांत तो होता.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू लढता लढता मारला गेला. ३० जून रोजी वडियारांच्या घराण्यातील पाच वर्षांच्या बालकास, तिसऱ्या कृष्णराजास, म्हैसुरात गादीवर बसविण्यात आले. त्या क्षणी म्हैसुरास राजा होता, पण राजवाडा नव्हता आणि कोटही नव्हता. कारभार आला तो दिवाण पूर्णय्याच्या हाती, ज्याने हैदर व टिपू या दोघांचीही चाकरी केली होती. पूर्णय्या जातीने माध्व देशस्थ. अनेक भाषांचा जाणकार, हिशेबाला अतिशय चोख, आणि राज्य बदलले तरी जमाबंदीची घडी विस्कटू न देणारा. त्याने नजरबादचे काम पुढे चालविले नाही. उलट तिथले दगड उचलून पुन्हा म्हैसुराच्या कोटासाठी आणण्याचा हुकूम सोडला. जे दगड काही वर्षांपूर्वी पूर्वेस चढले होते तेच आता पश्चिमेस उतरू लागले, आणि आसपासच्या ज्या गावांनी ते वर नेले त्यांच्याच गाड्यांना परतीची वेठही पडली असली पाहिजे. राजवाडा १८०३ पर्यंत उभा राहिला. घाईत बांधलेला तो वाडा १८९७ मध्ये आगीत जळाला आणि त्याच्या जागी आज आपण पाहतो तो हेन्री अर्विनच्या आराखड्याचा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला.

रिकाम्या झालेल्या उंचवट्याकडे मग इंग्रजांची दृष्टी वळली. मोकळी हवा, गावाच्या गर्दीपासून अंतर, आणि समोर चामुंडीचा डोंगर, या गोष्टी त्यांना आवडणाऱ्या होत्या. आर्थर वेल्स्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन, याचे नाव ज्या बंगल्यास जोडलेले आहे तो वेलिंग्टन हाउस आजही नजरबादच्या कडेस अर्विन रस्त्यावर उभा आहे. त्याच्याहून मोठी वास्तू रेसिडेंटाच्या निवासाची, जिला पुढे गव्हर्नमेंट हाउस म्हणू लागले. मार्क विल्क्स याने १८०५ च्या सुमारास ती बांधावयास घेतली, जॉन माल्कम याने ती वाढविली, आणि द हॅव्हिलँड नावाच्या इंजिनियराने तिच्यात एकही खांब नसलेले जे भोजनगृह रचले ते त्या काळी दक्षिणेतील अशा मोठ्या दालनांत गणले जाई.

मराठी वाचकाने या नावांवर थोडे थांबावे असे मला मनापासून वाटते. म्हैसूरचा पहिला रेसिडेंट बॅरी क्लोज इथली घडी बसवून १८०१ मध्ये पुण्यास रेसिडेंट म्हणून गेला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस दुसऱ्या बाजीरावाशी झालेला तह त्याच्याच हातचा. वेल्स्ली श्रीरंगपट्टणाहून उत्तरेस निघाला तो २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणांगणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा राहिला. त्याच्या छावणीचे बैल आणि रसद म्हैसूरच्या मुलखातून येत होती व पूर्णय्याने दिलेले घोडेस्वार त्याच्या पाठीशी होते. आणि १८१८ च्या जूनमध्ये पेशव्याने ज्याच्या स्वाधीन होऊन वर्षास आठ लाखांच्या तनख्यावर राज्य सोडले तो माल्कम हा याच गव्हर्नमेंट हाउसचा एके काळचा धनी. तैनाती फौज, नामधारी गादी, तिच्या मागे बसलेला रेसिडेंट आणि हाताशी एक कुशल दिवाण, ही राज्य चालविण्याची रीत म्हैसुरात पक्की झाली आणि मग ती पुण्यास आली. शनिवारवाड्याच्या अखेरच्या दिवसांचा इतिहास लिहिताना नजरबादच्या या टेकाडाकडे पाहिल्यावाचून तो पुरता होत नाही, असे मी म्हणतो.

पाण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. कावेरीचे पाणी कालव्याने म्हैसुरास आणण्याचा प्रयत्न पूर्णय्यानेही केला, तो सिद्धीस गेला नाही, आणि पूर्णय्या नाला एवढे नाव मागे राहिले. १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्यकारभार आपल्याकडे घेतला व मुख्य कचेऱ्या बंगळुरास नेल्या, तेव्हा म्हैसूर आणि त्याबरोबर नजरबाद अर्धशतकभर निपचित पडले. २५ मार्च १८८१ रोजी राज्य पुन्हा वडियारांकडे आले. पुढच्या वर्षी आगगाडी आली. राजमाता वाणीविलास सन्निधान राज्य पाहत असताना, १८९६ मध्ये, बेळगोळ येथून कावेरीचे पाणी यंत्राने उचलून नळाने शहरात आणण्यात आले, आणि टिपूच्या मजुरांनी ज्यासाठी काळा खडक फोडला होता ते पाणी शंभर वर्षांनंतर या उंचवट्याच्या घरांत पोचले. १९०१ च्या शिरगणतीत म्हैसूरची वस्ती ६८,१११ होती. प्लेगाने शहराची कोंदट पेठवस्ती हादरली होती, त्यावर उपाय म्हणून १९०३ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड स्थापन झाले. आपल्या देशात शहररचनेसाठी अशी मंडळे स्थापण्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक. १९०८ मध्ये शिवसमुद्रमच्या धबधब्याची वीज शहरात आली. आणि १९११ मध्ये कृष्णराजसागराच्या कामास आरंभ झाला, ज्याचा प्रवर्तक मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेला आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात हात बसलेला इंजिनियर. पूर आला असता आपोआप उघडणारी आणि ओसरताच मिटणारी जी दारे त्याने १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर प्रथम बसविली, त्याच जातीची दारे कावेरीच्या धरणावर बसली.

पाणी आले आणि नजरबादला आपले खरे रूप सापडले. राजाच्या आज्ञेने किल्ला होऊ न शकलेली ही जागा राजघराण्याच्या बागा, बंगले आणि विहारस्थळे यांची झाली. दहावे चामराजेंद्र यांनी १८९२ मध्ये खासगीतून जे प्राणिसंग्रहालय या मोहल्ल्याच्या दक्षिण अंगास सुरू केले ते आरंभी दहा-अकरा एकरांचे होते, आणि १९०९ मध्ये त्याला त्यांचेच नाव मिळाले. म्हैसूरच्या उद्यानांना जो मोकळा, प्रशस्त डौल आहे त्याचे श्रेय क्रुंबिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला जाते. हा गृहस्थ म्हैसूरच्या चाकरीत येण्यापूर्वी बडोद्यास सयाजीराव गायकवाडांकडे होता. करंजी तळ्याच्या बाजूस राजकन्येसाठी बांधलेला करंजी विलास आता टपाल खात्याचे प्रशिक्षण केंद्र झाला आहे. त्याहून पुढे, पूर्वेच्या टोकाला, व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी म्हणून १९२१ मध्ये ज्याचा पाया घातला तो शुभ्र घुमटांचा ललितमहाल आहे, आणि त्याचा आराखडा मुंबईचा वास्तुविशारद फ्रिचली याने केला. सुलतानाचे तट जिथे उठावयाचे तिथे अशा रीतीने पाहुण्यांच्या स्वागताची सोय झाली.

आज नजरबादचा चरितार्थ कशावर चालतो म्हणाल, तर मुख्यतः सरकारी कामकाजावर आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांवर. तालुक्याची कचेरी असलेली मिनी विधानसौध इथेच, पोलीस आयुक्तांचे कार्यालय इथेच, चामुंडी विहार क्रीडांगण इथेच, आणि बंगळूर-निलगिरी रस्त्यावरचा मोठा बसथांबा हाकेच्या अंतरावर. आपल्याकडे मामलेदार कचेरीच्या आसपास जी आळी आपोआप उभी राहते, स्टँपपेपर विकणारे, अर्ज लिहून देणारे, नकला काढणारे, चहावाले, तीच इथेही, फरक एवढाच की खेड्यातून सातबाऱ्याऐवजी आर. टी. सी.चा उतारा मागावयास येणारा शेतकरी कुलकर्ण्याच्या जागी शानभोगाची आठवण काढतो. कामे आटोपली की ही मंडळी मोहल्ल्याच्या मुख्य रस्त्यावरील मैलारीच्या लहानशा खाणावळीकडे वळतात. तिथे बसावयास जागा मिळेपर्यंत दारात उभे राहावे लागते. मग केळीच्या पानावर येतो तो डोसा कुरकुरीत नसतो. तो मऊ, लुसलुशीत, एका बाजूने सोनेरी, मधोमध घडी घातलेला, आणि त्यावर हळूहळू वितळणारा लोण्याचा गोळा. सोबतीस खोबऱ्याची चटणी आणि सागू. कित्येक पिढ्यांची ही रीत त्यांनी बदललेली नाही, आणि दूरच्या गावचे लोक केवळ तेवढ्यासाठी वाट वाकडी करून येतात. एका मोहल्ल्याची कीर्ती अशा पदार्थावर उभी राहावी यात मला काही उणेपणा वाटत नाही. हाताच्या गुणाने मिळविलेले नाव ते.

यापेक्षाही मोठा पोशिंदा म्हणजे प्राणिसंग्रहालय. त्याचा खर्च बव्हंशी दारावरच्या तिकिटांतून निघतो, आणि रिक्षावाले, टांगेवाले, शहाळी विकणारे, लॉजवाले यांचे वर्ष त्याच्या व दसऱ्याच्या गर्दीवर सुटते. त्याला लागून असलेल्या करंजी तळ्याची कथा काही काळ दुःखाची होती. सांडपाणी मिसळून ते नासले आणि पक्षी येईनासे झाले. प्राणिसंग्रहालयाच्या व्यवस्थेकडे आल्यावर, परदेशी बँकेच्या कर्जाच्या साह्याने, गाळ व घाण काढून ते पुन्हा निर्मळ करण्यात आले आणि २००४ च्या सुमारास लोकांना खुले झाले. बेटांवरच्या झाडांत चित्रबलाक आता घरटी करतात, काठावर निसर्गेतिहासाचे प्रादेशिक संग्रहालय आहे, आणि तिकिटाचा पैसा तळ्याच्याच देखभालीस लागतो. गळती, गाळ आणि कडेने वाढत जाणारी बांधकामे यांवर दर साली लक्ष ठेवावे लागते, कारण चामुंडीच्या उतारावरून येणारे पाणी ज्या वाटांनी तळ्यात उतरते त्या वाटा मोकळ्या राहिल्या तरच ते भरते. त्या वाटांची मोजणी करून त्यांच्या हद्दी कायमच्या दगडांनी आखून ठेवण्याचे काम महानगरपालिकेने आणि महसूल खात्याने मिळून तातडीने पुरे केले पाहिजे.